सेवेची भिंत

झाडांची पानं पिवळी पडायला लागली की मोठ्या मावशीच्या कपाळाला जी आठी पडायची, ती पार थंडी सरेपर्यंत जायची नाही. पानांशी तिचं काही वाकडं नव्हतं. पानं बिचारी झाडली की जातात. पण पानगळीची सुट्टी जवळ आली, की सगळ्या शहराला एकदम समाजाचा कळवळा यायचा आणि तो गाड्या भरभरून वृद्धाश्रमाच्या दारात येऊन उतरायचा. त्याचा तिला मनापासून उबग आला होता.

वर्षभर इथं काळं कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. सुट्टी लागायचा अवकाश, की रांग लागलीच म्हणून समजा. बँकवाले आले, व्यायामशाळावाले आले, कुठल्या कुठल्या शाळांचे माजी विद्यार्थी आले, एकदा तर लग्नं जुळवणारी संस्था आली होती. आता इथं कुणाचं लग्न जुळवणार होते, देव जाणे! सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे, टोप्या एकसारख्या आणि हातात केकचे खोके. साखरेचा त्रास असलेल्या आज्यांच्या हातात केकचा तुकडा द्यायचा, गालाला गाल लावून फोटो काढायचा आणि निघायचं. नंतर तो तुकडा आजीच्या मुठीतून सोडवून घ्यायचा कुणी? मावशीनं. त्याचा फोटो मात्र आजवर कुणी काढलेला नाही.

मावशी तशी इथं कुणाचीच मावशी नव्हती. म्हाताऱ्यांची अंगं पुसायची, कपडे बदलायचे, पलंगाखालची भांडी उचलायची, ही कामं करणाऱ्या बाईला मावशी म्हणतात, एवढंच. अशा दोघी होत्या, म्हणून एक मोठी आणि एक धाकटी. त्यातली धाकटी वयानं चांगली थोरली होती, पण कामाला मागाहून लागली म्हणून जन्माची धाकटी राहिली. हे कोडं पाहुण्यांना कधीच सुटायचं नाही.

मागच्या सुट्टीत एका कंपनीनं चाकाच्या खुर्च्या दिल्या. प्रत्येक पाठीवर कंपनीचं नाव, लांबून वाचता येईल असं. खुर्च्या झकास होत्या, फक्त संडासाच्या दारातून आत जात नव्हत्या. दार किती रुंद आहे हे विचारायला कुणाला सवड झाली नव्हती. मावशी त्यांच्यावर टॉवेल वाळत घालायची.

पण हे सगळं परवडलं. खरा ताप होता तो भिंतीचा.

तळमजल्यावर चार पलंगांची एक खोली होती. तिची एक भिंत लांबलचक आणि सलग, मध्ये ना खिडकी ना कपाट. समोरून छान उजेड यायचा. ह्या भिंतीवर येणाऱ्या प्रत्येकाचा डोळा. कारण रंग देणं कुणालाही जमतं, सगळ्यांना मिळून करता येतं, हाताला रंग लागतो, नाकाला लागतो, हशा पिकतो, आणि मागं पलंगावर म्हातारे दिसतात. फोटोला आणखी काय हवं? त्यामुळं दर सुट्टीत ती भिंत रंगायची, आणि एकदा रंगून तिची सुटका व्हायची नाही. बँकवाल्यांनी पिवळी केली, की व्यायामशाळावाले निळी करायचे. मग कुणीतरी इंद्रधनुष्य काढायचं. त्यावर पुढचे हाताचे ठसे उठवायचे. रंगाचे इतके थर बसले होते की खिळा ठोकायला गेलं तर पापुद्रा हातात यायचा.

आणि ह्या भिंतीला लागून पहिलाच पलंग अंपायरांचा.

अंपायर म्हणजे खरोखरचे अंपायर. आयुष्यभर नोकरी कारकुनाची केली, पण सुट्टीच्या दिवशी मैदानावर पांढरा कोट घालून उभे राहिले. लोक त्यांना नोकरीवरून नाही, कोटावरून ओळखायचे. बायको गेली, मूलबाळ नाही, एक पुतण्या होता तो लांब. गडी मोठा टापटिपीचा. सकाळी अंग पुसून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवल्याखेरीज कुणाला तोंड दाखवायचे नाहीत. डॉक्टर आले तरी म्हणायचे, "दोन मिनिटं बाहेर थांबा, मी तयार नाही." आता छातीचं दुखणं जडलं होतं. चार शब्द बोलले की भाता फुलायचा. म्हणून ते शब्द वाचवून खुणांनी बोलायचे. केकवाले आले, की मावशीकडं बघून हळूच एक बोट वर करायचे. मावशीला हसू आवरायचं नाही.

त्या अंपायरांना रंगाच्या वासानं धाप लागायची. खोलीला रंग लावायचा म्हटलं की त्यांचा पलंग व्हरांड्यात. तिथं बोचरा वारा. वास काही एका दिवसात जात नाही, म्हणून दिवस दिवस तिथंच, उशा पाठीला लावून बसल्या बसल्या झोपायचं. दुसरी खोली म्हणाल तर एक पलंग मोकळा नाही. गेल्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांनी भिंत हिरवी केली आणि अंपायर निळे पडले. दवाखान्यात न्यावं लागलं. परत आणलं तेव्हा अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा वाटावा इतके खंगले होते. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा हे झालं तर मला बोलवू नका. पुतण्याला बोलवा."

हे कानात ताजं असतानाच साहेब खोलीत आले. साहेब म्हणजे वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण पाहुणा दिसला की त्याच्या पाठीचा कणा कुठं जायचा कोण जाणे.

"मावशी, रविवारी विमा कंपनीची मंडळी येतायत. मोठी पार्टी आहे. कुटुंबासकट येणार. भिंत तयार ठेवा."

"कसली तयार? आठ दिवस झाले नाहीत रंगून. लखलखतीय."

"तेच म्हणतोय मी. जरा मळकी दिसायला हवी."

मावशीला आधी वाटलं, चेष्टा चाललीय. पण साहेब चेष्टा करणाऱ्यातले नव्हते. त्यांनी तिच्या हातातला उरलेल्या चहाचा जग घेतला, आणि बाई गं, चहा सरळ भिंतीवर भिरकावला! वर पोछ्याच्या बादलीतलं पाणी शिंपडलं, दोन पावलं मागं सरून मान वाकडी करून बघितलं आणि कोपऱ्यात आणखी थोडं मारलं. हिरव्या भिंतीवरून तपकिरी ओघळ खाली आले. अंपायरांनी पलंगावरून हात आडवा करून नो-बॉल दिला. बघणारं होतंच कोण?

"लाज वाटते का हो काही?" मावशी म्हणाली.

"लाज वाटून आश्रम चालत नाही, मावशी. त्यांना करायला काहीतरी हवं ना?"

"करायला? अहो, ढीगभर आहे! नखं कापू देत. चादरी धुऊ देत. दोन घटका बसून गप्पा मारू देत. कधीपासून ह्यांच्याशी कुणी बोललं नाही. नाहीतर बाहेरची कुंपणाची भिंत रंगवा म्हणावं, रस्त्याला लागून, उघड्यावर. इथं वास नको. डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्या कानावर घातलंय मी."

"बाहेरच्या भिंतीपाशी आजी-आजोबा कुठं दिसतात?" साहेब म्हणाले, आणि हे बोलताना त्यांना काही गैर वाटलं नाही.

मावशी गप्प बसणारी नव्हती. तिनं साहेबांकडून विमा कंपनीच्या त्या बाईंचा नंबर काढून घेतला आणि स्वतः फोन लावला. बाई गोड होत्या. इतक्या गोड की मावशीच्या दातांना कळ लागली.

"हो का? किती छान सुचवलंत!" बाई म्हणाल्या. "पण कसं आहे ना, आम्हाला आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो लागतात. गप्पांमध्ये आधी आणि नंतर कसं दाखवणार?"

"नखांत दिसेल की."

"ते जरा फार जवळचं होतं ना, मावशी. आमचे लोक अवघडतील. आणि रंग आम्ही घेऊनसुद्धा ठेवलाय. ह्यावेळी नारिंगी! पानगळीची थीम आहे."

"एका माणसाला रंगाच्या वासानं धाप लागते. मरायला टेकला होता परवा."

"अरेरे. मग त्यांना तेवढ्यापुरतं बाहेर बसवता येईल ना? ऊनही मिळेल."

मावशीनं फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तोंडात काहीतरी नासकं आल्यासारखं झालं होतं. ह्या लोकांना राग येत नाही, लाज येत नाही, नुसतं छान वाटत असतं, ह्याची तिला भयंकर शिसारी आली. विटून गेली ती. दिवसभर दुसऱ्याची घाण काढणारी बाई, तिला कधी मळमळलं नाही. आता मळमळत होतं.

"काय म्हणाल्या?" धाकटीनं विचारलं.

"थीम आहे म्हणे."

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे अंपायरांचं मरण नारिंगी रंगात."

शनिवारभर ती डोकं खाजवत राहिली. पलंग हलवायला जागा नाही. साहेब ऐकत नाहीत, बाई ऐकत नाहीत. अंपायर खोकत होते आणि दर खोकल्यासरशी ही हातातलं काम टाकून दारातून डोकावत होती. संध्याकाळी खोलीतली भांडी उचलताना तिच्या मनात आलं, ह्या लोकांनी कधी ही खोली सकाळची बघितलीच नाही. ते येतात दहा वाजता. तोवर पहाटेपासून खपून आम्ही दोघींनी सगळं धुऊन पुसून, फिनेल मारून, म्हाताऱ्यांच्या केसांना तेल लावून ठेवलेलं असतं. ह्यांना वाटतं, म्हातारपण म्हणजे पांढरे केस आणि हसू. एकदा बघू देत की. एकदा वास तरी घेऊ देत! ही कल्पना सुचली आणि तिचं तिलाच इतकं बरं वाटलं, की ती भांडी घासता घासता हसली.

रविवारी पहाटे तिनं धाकटीला सांगितलं, "तू वरच्या खोल्या घे. खालची मी बघते."

आणि तिनं खालच्या खोलीला हात लावला नाही.

चारही पलंगांवर रात्र तशीच होती. खिडक्या तिनं आपल्या हातानं घट्ट लावल्या. पलंगाखालची भांडी भरलेली. दाराजवळच्या आजोबांचं अंथरूण भिजलेलं, त्यांना त्याचा पत्ता नसायचा. मधले दोघे तसेच, आपल्याच जगात. एकटे अंपायर शुद्धीवरचे. दवाखान्यातल्या औषधांनी त्यांचं पोट बिघडलं होतं आणि रात्री त्यांच्याच्यानं उठवलं नव्हतं. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

"मावशी," ते म्हणाले, "आधी... माझं आवर. माणसं यायचीयत."

"आवरते हो. नळाला पाणी नाही अजून."

खोटं बोलली ती. नळ धो धो वाहत होता. अंपायरांनी मान हलवली. मावशीनं पाणी नाही म्हटलं म्हणजे नसणार. जरा वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "आलं का गं?" ती "येईल, येईल" म्हणून बाहेर सटकली. दारात उभी राहून तिनं मनाशी म्हटलं, तुमच्याचसाठी चाललंय हो सगळं. थोडी कळ काढा. जीव वाचतोय.

दहाच्या सुमाराला गाड्या लागल्या. नारिंगी टी-शर्ट, नारिंगी टोप्या. पोरंबाळं, ब्रश, डबे, शिड्या. साहेब हात जोडून पुढं. गोड बाई सगळ्यांच्या पुढं, उलट्या चालत, फोनवर चित्रण करत. "आणि आता आपण भेटणार आहोत आपल्या लाडक्या आजोबांना!" असं म्हणत त्यांनी पाठीनंच दार ढकललं.

वास आधी त्यांच्या मानेला लागला असावा. त्या वळल्या, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून डोळे तेवढे बदलले. मागचे लोक रेटत आत आले. आठ-दहा जण आत, बाकीचे दारात. एक बाप्या पटकन टोपी नाकाला लावून मागं फिरला. एकाचा पाय भांड्याला लागला आणि ते कलंडलं. "शी, शी, शी!" त्यानं बूट झटकला. कुणाला उमासे यायला लागले. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला, तेवढी लाज त्याला होती. साहेबांचा चेहरा रक्त काढून घेतल्यासारखा झाला. मावशी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. बघा, म्हणत होती मनात. घ्या पोटभर. हे आहे आधी. नंतरचं तुम्ही करा.

गर्दीत पुढं घुसलेली एक चिमुरडी अंपायरांच्या पलंगापाशी गेली. शाळेत शिकवलं असेल तसं तिनं हातातलं नारिंगी कागदाचं कापलेलं झाडाचं पान पुढं केलं. अंपायरांनी ते घ्यायला सवयीनं हात बाहेर काढला. चादर घसरली.

"आई, ह्या आजोबांनी अंथरुणात केलंय!" मुलगी ओरडली.

ते ऐकून दारातल्या कुणीतरी खिदळलं. वाईट बुद्धीनं नाही, अवघडून हसतात तसं. आईनं पोरीला दंडाला धरून ओढत नेलं आणि जाताना तिचे हात कुठं कुठं लागले ते तपासायला लागली. एक-दोन मिनिटांत खोली रिकामी झाली. रंगाचा एक डबा तेवढा राहिला होता, तोही साहेबांनी उचलून नेला. "मावशी, मी नंतर बोलतो तुमच्याशी," एवढंच ते म्हणाले.

मंडळी घरी गेली असं मात्र नाही. अहो, त्यांनी अंगणात जाऊन केक खाल्ला, श्वास घेतला, आणि कुंपणाची बाहेरची भिंत रंगवायला घेतली! तीच ती, जिथं आजी-आजोबा दिसत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या दोन आज्यांना खाली आणून खुर्च्यांवर बसवलं, झालं. गाणी लागली. हशा पिकला. इतकं सोपं होतं ते पहिल्यापासून. मावशीला खिडकीतून ते दिसलं आणि आतापर्यंत आली नव्हती एवढी किळस तिला त्या नारिंगी रंगाची आली. पण जिंकली होती ती. खोलीला रंग लागला नव्हता. अंपायर व्हरांड्यात गेले नव्हते. तिनं खिडक्या सताड उघडल्या, बादलीत गरम पाणी काढलं, साबण घेतला, धुतलेला शर्ट खांद्यावर टाकला आणि मोठ्या उमेदीनं पलंगापाशी आली.

"चला अंपायर, आलं पाणी."

अंपायर भिंतीकडं तोंड करून पडले होते. चादर डोक्यापर्यंत.

"अहो, उठा. चांगली चकाचक दाढी करून देते. गेले सगळे. पळवून लावले बघा कसे! आता वर्षभर फिरकत नाहीत ह्या खोलीत."

चादर हलली नाही. मग आतून आवाज आला, एकेक शब्द धापेवर तोललेला.

"नळाला... पाणी होतं. मला... ऐकू येत होतं."

मावशीच्या हातातला साबण तसाच राहिला.

"तुमच्यासाठीच केलं हो. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा रंगाचा वास गेला छातीत तर—"

"मला माहिती आहे... काय म्हणाले." त्यांनी चादर आणखी घट्ट ओढली. "रंग परवडला असता गं."

बाहेर कुणीतरी "सगळे इकडं बघा" म्हणालं आणि टाळ्या वाजल्या. मावशी खाली वाकली. चादरीला हात घालायला गेली, तर आतून त्यांनी ती मुठीत गच्च धरून ठेवली. इतक्या खंगलेल्या माणसात एवढा जोर कुठून आला होता, तिला कळेना. तिनं सोडवायचा प्रयत्न केला नाही. रोज जे अंग तिनं कसलाही विचार न करता पुसलं होतं, त्याला हात लावायची आता तिला भीती वाटली.

"अंपायर, असं काय करता? किती वेळ असं पडून राहणार?"

"धाकटीला पाठव," ते म्हणाले. "तू नको."

तिनं बादली पलंगाशेजारी ठेवली. शर्ट उशाशी ठेवला. मग जिन्याखाली जाऊन धाकटीला हाक मारली. काय झालं म्हणून धाकटीनं विचारलं, तर तिनं नुसतं खोलीचं दार दाखवलं. धाकटी आत गेली आणि दार आतून लागलं. पाण्याचा आवाज आला, पिळल्याचा आवाज आला, धाकटीचं हलक्या आवाजातलं बोलणं आलं. मोठी मावशी दाराबाहेर उभी राहिली, हात पुढं धरून. ते हात तिला कुठं पुसावेत हेच सुचत नव्हतं.